नानांच्या काट्यावर बेचाळीस

आमच्या घरात धान्याला कधी तोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून माणसं गरिबीची हळहळ करायला लागतात, आणि तसली हळहळ मला सोसत नाही. चाळीसगावहून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव. रस्त्याच्या तोंडाशी नानांचं भुसार दुकान, दुकानामागे घर, घरामागे गोठा. नाना म्हणजे माझे मोठे काका. दुकान त्यांचं, शेत माझ्या वडिलांचं, आणि चूल एकच. नानांची बायको फार आधीच गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे त्या चुलीपाशी एकटी माझी आई. सकाळी मला जाग यायची ती पोतं दाणकन आदळल्याच्या आवाजाने. मागोमाग काट्याची लोखंडी दांडी खणकायची आणि सुपारीने भरलेल्या तोंडातून नाना वजनाचा आकडा पुकारायचे. पोतं घेऊन आलेला शेतकरी कधी म्हणायचा, नाना, जरा कमीच भरलं वाटतं. नाना सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणायचे, बाबा, माणूस खोटं बोलेल, काटा कशाला बोलेल? त्यावर तो बिचारा मान हलवायचा. आतून तोवर आईच्या थापण्याचा आवाज सुरू झालेला असायचा. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी ती अशी थापायची की परातीतून ताल निघे. तो ताल थांबला की समजायचं, आई ऐकतेय.

आईचं माहेर पिंपळनेरचं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती नानांसमोर एक शब्द बोलली नव्हती. जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलायचं नाही, पदर नाकापर्यंत ओढायचा, ही आमच्याकडची रीत. नाना हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी ती मला सांगायची, "नानासले सांग, पानी तपनं." मी सांगायचो, "नाना, पाणी तापलं." नाना म्हणायचे, "ऐकं मी," म्हणजे ऐकलं. तरीही दुसऱ्या दिवशी निरोप माझ्याच तोंडून जायचा. लहानपणी मला खरोखर वाटायचं की आईचा आवाज नानांच्या कानापर्यंत पोचतच नाही.

भाऊ, म्हणजे माझे वडील, एके काळी नावाजलेले पहिलवान होते. मला आठवतात तेव्हापासून मात्र ते डावा पाय ओढत चालायचे. कुठल्याशा जत्रेच्या दंगलीत गुडघा गेला आणि त्यांची कुस्ती संपली. कुस्ती संपली तरी पहिलवानी संपत नाही, ती कुठून तरी बाहेर पडतेच. आमच्याकडे ती माझ्यावर पडली. मी हायस्कुलात गेलो त्या वर्षी खेळाच्या सरांनी मला मातीत उतरवलं, आणि तालुक्याच्या स्पर्धेत मी माझ्याहून थोराड पोरांना चीत केलं. तालुक्याला वजन कोण करतो? मास्तर लोक नजरेनेच पोरांचे गट लावायचे. भाऊंनी मला खांद्यावर घेऊन गावात आणलं, लंगडत, घामाघूम होत. तेवढा एक दिवस त्यांचा माझ्यावरचा जीव मला दिसला. दुसऱ्या दिवशी सर घरी आले आणि म्हणाले, "आता जिल्ह्याला जळगावला जायचंय. तिथे पक्कं वजन होतं. हा बेचाळीसच्या गटात बसला तर त्याला हात लावणारा कोणी नाही. त्याच्या वर गेला तर मोठी पोरं फाडून खातील." सर चहा पिऊन निघून गेले आणि माझं खाणं त्यांच्याबरोबरच निघून गेलं.

त्याच संध्याकाळी भाऊंनी मला दुकानात नेलं. पोती मोजायच्या काट्यावर अनवाणी उभं केलं. काट्याच्या दांडीला अडकवायची गोल वजनं शेजारी फळीवर असत. काही फळीच्या पुढच्या अंगाला, काही मागे गोणपाटात गुंडाळलेली. भाऊंनी हाताशी आलेलं पुढचं वजन उचलून अडकवलं आणि दांडीवरची सरक, म्हणजे सरकता ठोकळा, हळूहळू पुढे नेली. नाना गादीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबलेला मला स्पष्ट आठवतो. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पंचेचाळीस," भाऊ म्हणाले. "तीन किलो उतारनं पडी." नाना म्हणाले, "उतरी, उतरी. पोऱ्या शे, पोतं थोडंच शे?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मग सुरू झालं. सकाळी अर्धी भाकरी आणि पाणीदार मठ्ठा, संध्याकाळी तेही नाही. दुपारी उन्हात भाऊंचा जुना लोकरी स्वेटर घालून नांगरटीतून पळायचं, भाऊ बांधावर काठी घेऊन बसलेले. मीठ बंद, गूळ बंद, आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मी त्यांच्याच पंगतीत रिकाम्या पाटावर बसायचं, म्हणजे मनाला सवय लागते. हा भाऊंचा शोध. आईने पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाहिलं तेव्हा भाऊ तिला म्हणाले, "तुना हातना एक घास बी याना तोंडमा गया ना, ते हात तोडी टाकसू." आईने मान खाली घातली आणि नानांना वरण वाढलं. मला शेवेच्या भाजीचा वास आला की कानशिलं दुखायची. भूक पोटात असते असं लोक म्हणतात. ज्यांना ती लागलेली नसते तेच म्हणतात. माझी भूक दातांत होती. शाळेत मी लाकडी पट्टीची कड चावायचो.

माझी नात जळगावात शिकते, शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. तिच्या घरी न्हाणीघरात काचेचा वजनकाटा आहे, पाय ठेवला की निळे आकडे उमटतात. ती रोज सकाळी त्यावर चढून ओरडते, "आजोबा, अर्धा किलो वाढलं!" आणि सून तिला आणखी एक अंडं उकडून देते. मी त्या काट्यावर कधीच पाय ठेवत नाही. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला पोटाची लाज वाटते. वाटू दे.

वजन रोज संध्याकाळी व्हायचं. रोज भाऊ तेच वजन अडकवायचे आणि रोज नाना पाहायचे. जळगावला चार दिवस उरले असताना चंपाषष्ठी आली. चातुर्मासापासून घरात वांगं आलेलं नसतं, त्या दिवशी येतं. आईने पहाटे अंगणात तुरीच्या काड्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात घातली. बाजरीचे रोडगे झाले. आमचं दैवत खंडोबा. ताटात भंडारा, खोबरं, रोडगा ठेवून पुरुषांनी गोल बसायचं, ताटाला हात लावून ते वर उचलायचं आणि येळकोट म्हणायचं. घरात पुरुष तीनच, त्यामुळे मलाही बसवलं. तळी उचलून झाली आणि नानांनी सवयीने माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला. मी तो जिभेवर ठेवला. चावायची हिंमत झाली नाही, पण थुंकायचीही इच्छा झाली नाही. भाऊंनी माझ्या हनुवटीखाली तळहात धरला. "थुक."

"देवना परसाद शे रामदास," नाना भाऊंना म्हणाले. "खावू दे पोऱ्याले. एवढासा तुकडा."

"काटावर काय देव चढी?" भाऊ म्हणाले. तळहात तसाच होता. मी थुंकलो. भाऊंनी तो तुकडा गोठ्याकडे भिरकावला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिने दोन्ही हात कपाळाला लावले. ती खंडोबाला भ्याली होती. नाना कोणाला भ्याले होते, ते मला तेव्हा कळायचं नव्हतं. पण त्यांनी मान फिरवून स्वतःच्या तोंडात मोठं खोबरं टाकलं आणि संध्याकाळी माझं वजन बेचाळीस भरल्यावर म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे," म्हणजे सगळं बरोबर आहे. भाऊंनी मला पहिल्यांदा जवळ घेतलं. माझ्या बरगड्या त्यांच्या छातीला लागल्या असतील. निघताना आई माझ्या कानाशी म्हणाली, "जिकी ये. उनास की वरन-बट्टी करस, पोटभर."

जळगावच्या मैदानात मांडव घातला होता. एका टेबलाशी दवाखान्यात असतो तसला उभा काटा, आणि जिल्ह्याची सगळी पोरं चड्डीवर रांगेत. माझ्या पुढे पहूरचा एक पोरगा होता. त्याचं वजन झालं, बेचाळीसच्या आत बसलं, आणि त्याच्या आईने तिथेच त्याच्या हातात सोललेलं केळं दिलं. मी काट्यावर चढलो. टेबलावरचे साहेब म्हणाले, "चव्वेचाळीस." सर म्हणाले, "पुन्हा बघा." साहेबांनी पुन्हा बघितलं. चव्वेचाळीस. पहूरचा पोरगा केळं खात माझ्याकडे बघत होता. कुस्त्या सुरू व्हायला अवकाश होता, तोवर उतरवता आलं तर उतरवा, असं साहेबांनी भल्या मनाने सांगितलं. भाऊंनी मला स्वेटर चढवला आणि मैदानाभोवती पळवलं. तोंडात चिंच दिली, चोखायची आणि थुंकायची, म्हणजे अंगातलं पाणी जातं. थोड्या वेळाने थुंकीही येईना. मी पडलो, उठवलं, पळालो, पुन्हा काट्यावर चढलो. काटा जरासा हलल्यासारखा वाटला, एवढंच.

"कोनी खवाडं?" भाऊंनी विचारलं. कोणी खाऊ घातलं?

"कोनी नही, भाऊ."

त्यांनी तोंडात मारली. सर मध्ये पडले, "पाटील, असू द्या, पुढच्या वर्षी बघू." भाऊंनी त्यांना बाजूला सारलं. "घरना काटावर बेचाळीस, आठे चव्वेचाळीस. मधमा काय हवा खादी का? तुनी मायनी खवाडं ना?" मी नाही म्हणालो की एक बसायची. सगळ्या जिल्ह्याची पोरं बघत होती. मला नंतर कळलं की पहूरच्या त्या पोराला माझ्याशी ठरलेली कुस्ती न लढताच मिळाली.  परतीच्या पॅसेंजरमध्ये समोरची बाई पोरांना दशम्या वाटत होती. तिने माझ्यापुढेही एक केली, भाऊंनी तिचा हात हळूच परत लोटला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ओट्यावर नाना अडकित्ता घेऊन बसले होते. आत आईने गव्हाच्या कणकेच्या बट्ट्या तळून परातीत रचल्या होत्या, वरणाला फोडणी दिली होती, तुपाची वाटी चुलीच्या कडेला पातळ होत होती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "जिकना का रे?" भाऊंनी चुलीजवळची लोखंडी फुकणी उचलली.

पुढचं मी तोलूनमापून सांगू शकत नाही. आई कोपऱ्यात सरकत गेली, हात डोक्यावर धरून. "मी नही खवाडं. खंडोबानी आन शे, मी नही खवाडं." भाऊ म्हणत होते, "मंग काटा खोटं बोलस का?" आणि मारत होते. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा त्यांनी ते विचारलं तेव्हा आईने हात खाली घेतले आणि ओरडून म्हणाली, "हा. काटाच खोटं बोलस. नानासना काटा खोटा शे. आपली ज्वारी बी तठे दरसाल कमी भरस."

फुकणी हवेत थांबली. ओट्यावरचा अडकित्ताही थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचा आवाज तिथवर गेला होता. खळ्यावर ती पायलीने ज्वारी मोजायची, तीच ज्वारी नानांच्या दुकानात गेली की घटायची, आणि ती बोलली की भाऊ म्हणायचे, उंदरांनी खाल्ली. आता भाऊंच्या तोंडावर मी जे पाहिलं त्यात शंकेला जागा नाही. त्यांना सगळं कळलं. नाना घ्यायला एक वजन वापरायचे, द्यायला दुसरं. घ्यायच्या वजनाच्या बुडात जास्तीचं शिसं ओतलेलं होतं, म्हणून त्यावर पोतं हलकं भरायचं आणि मीही. पहिल्या संध्याकाळी भाऊंनी चुकून तेच उचललं. नानांनी तेव्हाच "ते नको, मागचं घे" म्हटलं असतं, तर भाऊंनी विचारलं असतं, "का?" आणि त्या 'का'च्या उत्तरात स्वतः भाऊंची इतक्या वर्षांची ज्वारी होती. सख्ख्या भावाला लुबाडल्याचं कबूल करण्यापेक्षा पुतण्याला उपाशी बघणं नानांना सोपं गेलं. सोपंच असतं ते, पोट दुसऱ्याचं असलं की.

मग ओट्यावर अडकित्ता पुन्हा वाजू लागला. तेवढ्याने भाऊंचं ठरलं. "मना भाऊले चोर म्हनस?" ते म्हणाले, आणि आधी मारलं नव्हतं इतक्या जोराने मारलं. आईने हात आडवा घातला आणि करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं बोलते म्हणून तिला नुसता मार पडला होता. बोट मोडलं ते खरं बोलल्यावर. तेव्हापासून मला खरेपणाची व्याख्यानं ऐकवत नाहीत.

थोड्या वेळाने नाना हात-पाय धुऊन आत आले आणि पाटावर बसले. "बट्टी गार व्हई ऱ्हायनी," असं कोणालाच उद्देशून न म्हणता ते म्हणाले. आईने करंगळीला हळद भरून चिंधी गुंडाळली होती. तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि त्यांना वाढलं. माझ्यासाठी केलेल्या बट्ट्या नानांनी कुस्करून, तूप ओतून, सावकाश खाल्ल्या. भाऊ जेवले नाहीत आणि त्यांनी मलाही जेवू दिलं नाही.

वर्षभर घरात त्या गोष्टीचं कोणी नाव काढलं नाही. दुकान चालू, काटा चालू, आमची ज्वारीही त्याच काट्यावर गेली. आईची करंगळी वाकडी जुळली. भाकरी थापताना ती बाहेर राहायची, त्यामुळे परातीचा ताल बदलला. भाऊ तिच्याशी जरा मऊ बोलायला लागले होते, हे मी सांगायला हवं. चाळीसगावहून तिला बांगड्या आणल्या. तिने त्या घातल्या. भाऊंच्या तोंडावरचं ते मी पाहिलं होतं, तरी मनाशी धरलं होतं की भाऊंना खरंच वाटतंय, आईनेच मला चोरून खाऊ घातलं. आईनेही तसंच धरलं असावं. माणूस चुकीच्या समजुतीने मारतो, तर त्याला कधीतरी माफ करता येतं.

पुन्हा स्पर्धेचे दिवस आले. मी आता वरच्या गटात होतो. एक दिवस आईने वरण-बट्टी केली होती. जेवणाआधी मी अंगणात रांजणापाशी हात धूत होतो, भाऊ जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "यंदा पंचेचाळीसना गट शे. उद्यापाईन खानं बंद. नानाना काटावर त्रेचाळीस भरना की बस."

काट्याच्या खोटेपणाचे दोन किलो त्यांनी आपण होऊन कापले होते. आई मागेच चुलीला लाकडं न्यायला आली होती. लाकडं तिच्या हातात तशीच राहिली. तिने भाऊंकडे पाहिलं आणि भाऊंनीही तिला पाहिलं. ती लाकडं घेऊन आत गेली.

पंगत बसली. नाना, भाऊ आणि मी. आईने आधी मला वाढलं, नानांना नाही. बट्टी कुस्करली, वरण घातलं, तुपाची धार धरली. "खा." मी खाल्लं. तिने दुसरी कुस्करली. तिसरी. भाऊ म्हणाले, "बस कर, त्याले उद्यापाईन वजन..." तिने चौथी कुस्करली. "हात आवर," भाऊ म्हणाले. आईने डोक्यावरचा पदर मागे सारला, नानांच्या देखत, आणि तूप लागलेला हात भाऊंच्या तोंडासमोर धरला. वाकडी करंगळी बाहेर आलेली होती.

"त्या दिन मी खवाडं नव्हतं, तरी तुमीन मनं बोट मोडं. आज तुमना समोर खवाडस. आते मोडा."

नानांचा घास तोंडातच राहिला. भाऊ ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आई जिंकली. माझं पोट तुडुंब भरलं होतं, मी म्हणालो, "बस वं माय." पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे भाऊंवर होते आणि हात माझ्या ताटात. "खा," ती म्हणाली, आणि मी खात राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती थांबेना. भाऊंनी माझ्या भुकेवर आपली हौस भागवली होती. आता तिचा राग माझ्याच पोटात भरला जात होता. त्या घरात माझं पोट माझं कधी नव्हतंच. शेवटी मी उठून गोठ्यामागे पळालो आणि सगळं ओकलो. 

तोंड धुऊन मी परत आलो. भाऊ आणि नाना तसेच बसलेले होते, उष्टे हात वाळलेले. माझ्या ताटात नवी बट्टी कुस्करून ठेवली होती, वर तूप. आई म्हणाली, "खा," आणि मी पाटावर बसून पुन्हा खाऊ लागलो.